सुई कापडात असताना

"ताई, गाड्या हलेनात," कप्तानने काचेवर बोटाने टकटक करत सांगितलं.

ताईने मान वर केली. काचेपलीकडच्या मोठ्या खोलीत भिंतभर पडदा होता आणि पडद्यावर शहराचा नकाशा. त्यातले हिरवे ठिपके म्हणजे रिकाम्या रुग्णवाहिका, लाल ठिपके म्हणजे रुग्ण घेऊन निघालेल्या. एरवी हे ठिपके दिवसभर मुंग्यांसारखे सरकत असायचे. आता सगळे जागच्या जागी गप्प होते. एक लाल ठिपका तर पुलाच्या मधोमध उभा होता, आणि आत रुग्ण असताना पुलावर गाडी लावून चहाला जाणारा चालक अजून जन्माला यायचा होता. म्हणजे गाड्या रस्त्यावर धावत होत्या, थांबला होता तो पडदा.

रुग्णवाहिका केंद्राचा संगणक विभाग म्हणजे ताई. विभाग हा शब्द दारावरच्या पाटीपुरता. आत एक टेबल, दोन पडदे, कुरकुरणारा पंखा आणि पन्नाशी ओलांडलेली ही बाई. तिला सगळे ताईच म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेले डॉक्टरसाहेबसुद्धा, आणि ते तर केंद्राचे प्रमुख होते. कप्तान ही सकाळच्या पाळीची प्रमुख. पूर्वी ती परिचारिका होती. तिचा आवाज मोठा नव्हता, पण तो ऐकल्यावर माणूस आपोआप सरळ बसायचा, म्हणून हे नाव पडलं होतं आणि तिनेही ते मानाने मिरवलं होतं.

ताईने यंत्राची नाडी बघितली. आजारी यंत्र तापतं, धापा टाकतं. हे तर पोटभर जेवून आडवं झाल्यासारखं निवांत होतं. अंगावर काम जवळजवळ नाहीच, आणि तरी आत आलेला एकही फोन पुढे सरकत नव्हता. नवी व्यवस्था सुरू करून दोनच आठवडे झाले होते, आणि ती सगळी तिच्या हातची होती.

तेवढ्यात डॉक्टरसाहेब आले. बंद करून परत चालू करा, असं त्यांनी सांगितलं. जगातल्या निम्म्या यंत्रांना हा उपाय लागू पडतो, आणि ह्याही यंत्राला पडला असता. पण बंद केलं की आत काय अडकलं होतं त्याचा मागमूस राहत नाही. मग पुढच्या खेपेलाही पडदा असाच थांबणार आणि आपण असेच बघत बसणार, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिचा एक नेम होता, आधी फोटो, मग रीस्टार्ट. फोटो हा तिचाच शब्द. त्या क्षणी प्रोग्रॅममधलं कोणतं काम कुठल्या ओळीवर उभं आहे, याची नोंद यंत्राकडून काढून घ्यायची. आणि ती एकदा काढून भागत नाही. एका फोटोवरून माणूस चालतोय की उभा आहे ते कळत नाही, त्यासाठी जरा थांबून दुसरा काढावा लागतो.

"एक मिनिट, साहेब," ती म्हणाली.

डॉक्टरसाहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, आणि मग तिच्याकडे. पलीकडे ऑपरेटर मुली कागद-पेन घेऊन बसल्या होत्या. एका कानाला हेडफोन आणि दुसऱ्या कानाला स्वतःचा मोबाइल लावून त्या एकेका चालकाला तो कुठे आहे ते विचारत होत्या. कप्तान खोलीच्या मध्यभागी उभी राहून कोणती गाडी कुठे ते तोंडपाठ सांगत होती, आणि निम्म्या वेळा ते बरोबरही येत होतं.

ताईने पहिला फोटो काढला. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून ती गप्प बसली. या कामात सगळ्यात अवघड काय असेल तर ते हे नुसतं बसणं. बोटं बटणाकडे धावत होती आणि ती त्यांना दटावत होती. तिने दुसरा फोटो काढला, आणि मग यंत्र बंद करून चालू केलं. नकाशा क्षणभर काळा झाला, परत उजळला, आणि पुलावरचा लाल ठिपका एका उडीत थेट रुग्णालयाच्या फाटकात जाऊन उभा राहिला. मोठ्या खोलीतून एक लांब सुस्कारा ऐकू आला. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं गेली होती. त्यातलं बहुतेक सगळं काय बिघडलंय ते चाचपण्यात गेलं, पण शेवटचं ते फोटोंचं मिनिट ताईचं एकटीचं होतं.

दार लावून तिने दोन्ही फोटो शेजारी शेजारी मांडले.

नवी व्यवस्था काय होती, ते ताई कुणालाही पाच मिनिटांत समजावू शकायची, फक्त ऐकणारा पाच मिनिटं टिकायला हवा. केंद्रात आलेला प्रत्येक फोन हे प्रोग्रॅमचं एक काम. पूर्वी प्रत्येक कामाला यंत्र स्वतःकडचा एक थ्रेड द्यायचं, म्हणजे एक गडीच म्हणा. फोन करणारा घाबरून पत्ता आठवत बसला, तरी त्याचा गडी हात बांधून त्याच्यासाठी उभा. हे गडी महाग. प्रत्येकाला जागा लागते, देखभाल लागते, आणि फार झाले की यंत्रालाच दम लागतो. गेल्या हिवाळ्यात धुक्याच्या सकाळी हमरस्त्यावर गाड्यांवर गाड्या आदळल्या, एकदम शेकडो फोन आले आणि यंत्राने मान टाकली, तेव्हा ताईने ठरवलं की हे बदलायचं.

नव्या व्यवस्थेत गडी आठच. पण कामं कितीही घ्या. प्रत्येक कामाला एक हलका थ्रेड मिळतो, तो यंत्राचा नसतो, प्रोग्रॅमच्या भाषेचा स्वतःचा असतो, आणि यंत्राला त्याचा पत्ताही नसतो. काम करायची पाळी आली की हलका थ्रेड एका गड्याच्या खांद्यावर बसतो. वाट बघायची वेळ आली की खाली उतरतो आणि दुसऱ्याला जागा देतो. कोण कधी बसणार, कोण उतरणार, हे भाषाच बघते. आठच गडी, पण एकालाही रिकामं उभं राहायला सवड नाही. ताईला ही रचना फार आवडली होती. घरी नवऱ्याला सांगताना तिचे डोळे चमकायचे, आणि नवरा, जो शाळेत भूगोल शिकवायचा, तो म्हणायचा की आमच्या शिक्षकांच्या खोलीत खुर्च्याही आठच आहेत, पण तिथे कुणी उतरायचं नाव घेत नाही.

त्या खुर्च्यांसारखीच एक अडचण इथेही होती, आणि ती ताईला ठाऊक होती. जुन्या पद्धतीचं कुलूप, म्हणजे माझं संपेपर्यंत या वस्तूला दुसऱ्याने हात लावायचा नाही अशी खूण, हातात धरून एखादा हलका थ्रेड वाट बघत बसला, तर भाषेला त्याला खाली उतरवता येत नाही. तो गड्याला खिळून बसतो. तो खिळला म्हणजे गडीही अडला. म्हणून तिने सगळा प्रोग्रॅम ओळीओळीने चाळून अशी कुलपं शोधली होती आणि बदलली होती.

एक सोडून. रुग्णवाहिकेतल्या रेडिओला निरोप पाठवणारा एक फार जुना भाग होता. तो लिहिणारे गृहस्थ केव्हाच निवृत्त झाले होते, आणि जाताना त्या भागाच्या डोक्यावर एक सूचना लिहून गेले होते, "चालतंय. हात लावू नका." या धंद्यातली माणसं देवाधर्माचं ऐकतीलच असं नाही, पण अशी सूचना सहसा मोडत नाहीत. ताईनेही मोडली नव्हती. त्या सूचनेच्या खालचं तिने वाचलंच नव्हतं. आणि खरं तर त्या गृहस्थांचंही काही चुकलं नव्हतं. त्यांच्या काळात एक काम कुलूप धरून बसलं तर एक गडी अडायचा, बाकीचे चालत राहायचे. ओळ तीच राहिली, खालची जमीन बदलली.

दोन्ही फोटोंत आठही गडी त्याच ओळीवर उभे होते. सकाळी रेडिओच्या मनोऱ्यावर दुरुस्ती चालू होती आणि रेडिओ मुका झाला होता. आठ निरोप गेले, आठ जण उत्तराची वाट बघत खिळून बसले, आणि नवव्या फोनपासून पुढच्या कुणालाच गडी मिळाला नाही, ठिपके सरकवणाऱ्या कामांनाही नाही. यंत्र निवांत दिसत होतं, कारण आत सगळेच वाट बघत होते. ताईने कपाळावर हात मारला. पण कारण सापडलं याचं समाधानही तिला वाटलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. दोन ओळींची दुरुस्ती होती. जुन्या कुलपाच्या जागी नवं, म्हणजे थांबायची वेळ आली की थ्रेड निमूट खाली उतरेल.

ती दुरुस्ती करून, बाजूच्या यंत्रावर मुद्दाम रेडिओ मुका करून ती बघत बसली. ठिपके चालत राहिले. तिने दहादा बघितलं. दुपारी फोन कमी झाल्यावर डॉक्टरसाहेबांच्या परवानगीने तिने ती खऱ्या यंत्रावर चढवली, आणि मग सकाळपासूनचा पहिला चहा घेतला.

चहा संपायच्या आत कप्तान आली आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. सांगू की नको असं तिचं चाललं होतं, आणि कप्तानचं असं कधी चालत नसे. शेवटी तिने सांगितलं. पडदा बंद असताना एका घरातून सुनेचा फोन आला होता. तिचा सासरा शिंपी होता, बोलता बोलता त्याचं तोंड वाकडं झालं होतं आणि उजवा हात लुळा पडला होता. ऑपरेटर मुलीने पत्ता कागदावर घेतला, फोन करकरून एक गाडी मिळवली, ती नदीपलीकडून गेली. पडदा चालू झाल्यावर दिसलं की एक रिकामी गाडी त्या घरापासून दोन गल्ल्यांवर उभी होती.

"तो माणूस आहे ना?" ताईने विचारलं.

ते कप्तानला माहीत नव्हतं. केंद्रात ते कुणालाच कधी माहीत नसायचं. गाडी रुग्णालयाच्या फाटकात गेली की लाल ठिपका हिरवा होतो, आणि पुढचं पुढच्यांनी बघायचं. एवढ्या माणसांचं पुढे काय झालं ते विचारत बसलं तर काम कोण करणार, असं कप्तान नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगायची. ताईने इतकी वर्षं कधी विचारलं नव्हतं. तिचं काम ठिपक्यांशी होतं.

डॉक्टरसाहेबांना तिने सगळं सांगितलं, ते मिनिटही सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मेंदूच्या झटक्यात वेळ महत्त्वाचा असतो, ते म्हणाले, पण एका मिनिटाचा हिशेब असा मांडता येत नाही. वर कळवताना आपण दोष रेडिओच्या दुरुस्तीचा दाखवू. ते मनाने चांगले होते आणि तिला वाचवायला बघत होते. ताईला मात्र वाचायचं नव्हतं, तिला फक्त तो माणूस जिवंत आहे की नाही ते कळायला हवं होतं.

घरी गेल्यावर जेवणात तिचं लक्ष नव्हतं. नवऱ्याने दोनदा मीठ मागितलं आणि तिने दोनदा पाणी दिलं. मग त्याने विचारलं आणि तिने सांगितलं. डोक्यात भुंगा शिरला होता, तो एकच गुणगुणत होता. पहिला फोटो काढून लगेच बंद केलं असतं तर? फोटोच काढला नसता तर? जवळची गाडी दिसली असती. आपण बटणावरची बोटं मागे घेऊन बसलो, आणि तिकडे एका म्हाताऱ्याचा हात गेला. हातच गेला की सगळंच गेलं, कोण जाणे.

नवऱ्याने नेहमीची थट्टा केली नाही. "उद्या जाऊन बघून ये," तो म्हणाला. "नाहीतर तू मला जन्मभर पाणीच देत राहशील."

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला ताई रुग्णालयात गेली. कुठे जायचं ते तिने कप्तानकडून काढून घेतलं होतं. कप्तानने नियम मोडून एका जुन्या मैत्रिणीला फोन केला होता, पण तिलाही खाट कोणत्या मजल्यावर एवढंच सांगता आलं. खाट आहे म्हणजे माणूस आहे, असं स्वतःला समजावत ताई जिना चढली. जिन्यात फिनेलचा वास होता. तिला वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं.

लांब खोलीत दोन्ही बाजूंनी खाटा होत्या. खिडकीपाशी एक सडपातळ म्हातारा उशीला टेकून बसला होता. चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. शेजारच्या स्टुलावर त्याची सून मोसंबी सोलत होती. म्हातारा तिला सांगत होता की साल सलग काढ, तुकडे करू नकोस. बोलणं जरा जड होतं, पण हुकूम चालवण्याइतकं स्पष्ट होतं.

तिने खाटेचा दांडा धरला. जिवंत होता, बसला होता, सुनेला सतावत होता. तिचा जीव भांड्यात पडला, आणि त्याच वेळी तिची नजर त्याच्या उजव्या हाताकडे गेली. तो चादरीवर तळवा वर करून पडला होता.

आपण रुग्णवाहिकेच्या केंद्रातून आलो आहोत, एवढं तिने सांगितलं. सुनेला ते बिल किंवा सही मागायला आल्यासारखं वाटलं आणि ती लगेच उठली. शिंपीकाकांनी मात्र डाव्या हाताने खूण करून तिला स्टूल पुढे सरकवायला लावलं. केंद्रात तुम्ही काय करता, असं त्यांनी विचारलं. ताई घाबरली होती, आणि घाबरल्यावर ती खरं काय ते सांगून टाकायची.

"मी थ्रेड बघते, काका."

"म्हणजे दोरा?" काकांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. "किती नंबरचा?"

सुनेलाही हसू आलं. ताईने मग सांगायला घेतलं, आणि सांगताना तिला आपसूक त्यांच्या दुकानाचे शब्द मिळत गेले. समजा दुकानात मशीन आठ आणि शिवायचे कपडे शेकडो. एखादा कपडा काजं करायला बाहेर द्यायचा असेल, तर तो मशीनवर ठेवून आपण वाट बघत बसत नाही. तो काढून बाजूला ठेवायचा आणि दुसरा घ्यायचा. काका मान डोलवत होते, यात नवीन काय, असा त्यांचा भाव होता. पण समजा, ताई म्हणाली, सुई कापडात खाली गेलेली असताना मशीन थांबलं, तर?

"मग कापड निघत नाही," काका म्हणाले. "ओढलं तर फाटतं."

"काल आठही मशिनींचं तसंच झालं. म्हणून तुमची गाडी उशिरा आली. जवळ एक गाडी होती, ती आम्हाला दिसलीच नाही." आता थांबून चालणार नव्हतं. "आणि ते सगळं मला ताबडतोब बंद करून चालू करता आलं असतं. मी केलं नाही. का अडलं ते आधी बघून घेतलं. त्यात आणखी वेळ गेला."

सुनेच्या हातातली मोसंबी तशीच राहिली. तिने ताईकडे बघितलं. मी दारात उभी होते, ती हळू आवाजात म्हणाली. प्रत्येक गाडीचा आवाज आला की वाटायचं हीच. कोपऱ्यावरून वळून येणारी प्रत्येक गाडी दुसऱ्याच कुणाची निघायची. बाबा आत जमिनीवर होते, आणि आत जावं की बाहेर उभं राहावं ते कळत नव्हतं. ती रागावून बोलत नव्हती, आणि म्हणूनच ताईला मान वर करता येईना. तिने सगळं ऐकून घेतलं.

काकांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, तोही डाव्या हाताने, वेळ घेऊन.

"तुला एक सांगायचं राहिलं," ते सुनेला म्हणाले. "सकाळी उठल्यावरच माझ्या हातातून कात्री पडली होती. दोनदा. मला वाटलं हात अंगाखाली आला असेल. बाही अर्धी राहिली होती, म्हटलं पुरी करू. तुला हाक मारली ती बाही जोडून झाल्यावर."

सुनेच्या चेहऱ्यावर क्षणात इतके भाव आले आणि गेले की ताईने नजर वळवली. मघाशी दाबून ठेवलेल्या रागाला आता हक्काची जागा मिळाली होती. बाबा, तुम्ही म्हणजे, असं काहीतरी म्हणून ती थांबली, आणि मग तिने मोसंबी ठेवून पदराने डोळे पुसले. इतका वेळ तुम्ही गप्प बसलात, आणि मी त्या गाडीला शिव्या घालत होते, ती म्हणाली. काका लहान मुलासारखे चादरीकडे बघत राहिले. बाही मात्र उत्तम बसली आहे, असं ते पुटपुटले, तेव्हा ती रडता रडता हसली.

फेरीवरची डॉक्टरीण तेवढ्यात आली. जरा फटकळ, तरुण बाई होती. सुनेने तिला थांबवून विचारलं, ताईच्या देखत, मुद्दाम. उशीर झाला का? डॉक्टरीण म्हणाली की गाठ विरघळवायचं इंजेक्शन द्यायच्या मुदतीत तुम्ही पोचलात, ते दिलं, ते लागू पडलं. कात्री पडली तेव्हाच आला असतात तर अधिक बरं झालं असतं, ते मी आजोबांना ऐकवलं आहे. गाडीच्या त्या थोड्या मिनिटांनी फरक पडला असेलही, नसेलही, ते कुणीच सांगू शकणार नाही. वाचा परत येते आहे. हात येईल, पण किती येईल ते व्यायामावर. एवढं बोलून ती पुढच्या खाटेकडे गेली.

पडला असेलही, नसेलही. ताईने ते शब्द मनात जपून ठेवले. तिला पूर्ण सुटका मिळाली नव्हती, पण काल रात्रीपासून छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता. तिला एकदम रडू फुटलं, आणि तिने ते आवरलं नाही. समोरचा माणूस जिवंत होता. यापुढे त्याचं काय झालं ते तिला माहीत असणार होतं.

सुनेने तिला मोसंबीच्या फोडी दिल्या. नको म्हणणं बरं दिसलं नसतं, म्हणून ताईने रडत रडतच त्या खाल्ल्या.

"मग का अडलं ते कळलं का?" काकांनी विचारलं.

कळलं, ताई म्हणाली. दुरुस्त केलं. आता रेडिओ मुका झाला तरी गाड्या दिसत राहतील.

"आणि बघितलं नसतं तर?"

"तर पुन्हा झालं असतं. आज, उद्या, कधीही."

काकांनी थोडा विचार केला. गिऱ्हाईक समोर बसलंय म्हणून घाईने वरून टाका मारून दिला, की तो कपडा चार दिवसांत परत येतो, ते म्हणाले. आपण तसं कधी केलं नाही. गिऱ्हाईक चिडतं, चिडू द्यावं. मग त्यांनी बोलणं थांबवलं, कारण लांब वाक्यांनी त्यांना थकवा येत होता. या माणसाने आपल्याला माफ केलं की नुसतं आपल्या कामाबद्दल मत दिलं, हे ताईला नीट कळलं नाही. पण माफीपेक्षा ते मतच तिला जास्त हवं होतं, एवढं तिला कळलं.

ती निघायला उठली. पुन्हा येईन, म्हणाली. सून जिन्यापर्यंत पोचवायला म्हणून उठली, आणि ताईने निरोप घ्यायला हात जोडले, तशी काकांची नजर तिच्या मनगटावर अडली. कुडत्याच्या बाहीच्या काठाला शिवण सुटून एक दोरा लोंबत होता. धंद्यातल्या माणसाला ते सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांनी तिला जवळ यायची खूण केली.

ताईने हात खाटेच्या काठापाशी नेला. काकांनी डावा हात पुढे केला नाही. चादरीवर पडलेला उजवा हात त्यांनी हलवला. तो आधी नुसताच सरकला, मग मनगटातून उचलला गेला आणि हळूहळू तिच्या बाहीपर्यंत आला. अंगठा आणि तर्जनी दोऱ्यावर आली आणि निसटली. सून कात्री मागून आणते म्हणाली. काकांनी मान हलवून नको सांगितलं. बोटं पुन्हा आली, दोरा त्यांच्यामध्ये सापडला, पण पकड धरेना आणि तो सुटला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, ओठ घट्ट मिटलेले होते.

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. बाकीच्या खाटांपाशी बसलेली माणसं उठून पिशव्या गोळा करू लागली. ताई हात तसाच धरून, न हलता, उभी राहिली.